कुरेनचं वय

आदरणीय व्याहीबुवा सोवेतबेक यांस, कोचकोरहून झुमगालबेकचा सलाम. तुमचा गुडघा, विहीणबाई, मेंढरं सगळं ठीक असेल. (गुडघा थंडीनं दुखतो म्हणता, मला संशय त्या नव्या बुटांचा आहे.) आम्हीही ठीक, म्हणजे तुमच्या चिरंजीवांनी ठेवलंय तितपत.

आमच्या पशुनोंदणी कार्यालयातली माहिती जुन्या संगणकातून नव्यात हलवायचं काम जावईबापू एमिल यांच्याकडे आलं. जुना संगणक तारीख ठेवतच नव्हता. १९७० साल लागल्यापासून जनावराच्या जन्मापर्यंत किती सेकंद गेले, तो आकडा ठेवायचा. नव्यानं त्याच सेकंदांना सेकंदाचे हजारावे भाग समजून वाचलं. झालं, तालुक्यातले झाडून सगळे घोडे १९७० च्या जानेवारीत जन्मले. (जानेवारीत, आमच्याकडच्या बर्फात. कुठली घोडी असा वेडेपणा करेल?)

आता माझं शिंगरू, कुरेन. कुनान शर्यत तीन वर्षांच्या शिंगरांचीच, आयुष्यात एकदाच मिळते. पंचांनी त्याचं तोंड उघडून दात पाहिले, मान डोलावली, मग नोंदीचा कागद पाहिला.

"दात तीन वर्षांचे आहेत, झुमगालबेक, पण शिंगरू माझ्या बायकोहून थोरलं आहे. शिक्क्यापुढे मी काय करू?"

व्याही, मला तिथंच रडू आलं.

आणि शेजारच्या एसेनकुलचं शिंगरू मात्र बरोब्बर तीन वर्षांचं. एमिल म्हणतो, त्यानं नोंद उशिरा केली, थेट नव्या संगणकात, हातानं, म्हणून वाचला. योगायोग म्हणे. मग एसेनकुलच्या बायकोनं कार्यालयात काझी, म्हणजे घोड्याच्या मांसाचं सॉसेज पाठवलं, तोही योगायोगच असेल. मी विचारलं, मोजायला १९७० च का? तर सगळे संगणक तिथूनच मोजतात. त्याआधी जन्मलेल्यांचं काय? त्यांचे आकडे उणे. म्हणजे तुम्ही आणि मी उणे, व्याही. हे कुणी ठरवलं विचारलं, तर तो चहा पिऊ लागला. लपवायचं असलं की माणूस चहा पितो.

असो. तुमची सून इथं मजेत आहे. विहीणबाईंना नमस्कार.

तुमचा,
झुमगालबेक

ता. क. एमिल उद्या आकडे हजारानं गुणून दुरुस्त करणार आहे. कुरेन रविवारी धावेल.

ता. क. पुन्हा. पत्राचं खरं कारण हे की, तो फक्त चुकलेल्या नोंदी गुणणार आणि एसेनकुलची वगळणार म्हणतो. असा भेदभाव आपल्या घराण्याला शोभतो का? बापाच्या अधिकारानं सांगा, गुणायचं तर सगळ्यांना गुण. मग एसेनकुलचं शिंगरू पन्नास हजार वर्षांनी जन्माला येईल. (हिशेब तुमच्या सुनेकडून तपासून घेतलाय.) जन्मलं की खुशाल धावू दे, माझी काही हरकत नाही.