गेट नसलेली कंपनी

२८ सप्टेंबर, रविवार
पुण्याच्या बड्या कंपनीचं रेवाला नोकरीचं बोलावणं. दसरा झाला की कळवायचंय. हे शिरवळच्या कारखान्यातून फोनवर खुश, "शेवटी मोठी कंपनी ती मोठी."
लेकीची स्वतःची कंपनी इथेच पलूसला, पिठाच्या गिरणीवरच्या माडीत. ती आणि दोन मैत्रिणी. द्राक्षबागांना मोबाइलवर हवेचा अंदाज, फवारणीचा सल्ला.
मला कुणी विचारलं नाही. बरंच झालं. तोंडून निघून गेलं असतं, की राहा गं...

२९, सोमवार
मामंजी रेवाची कंपनी बघून आले. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, सगळं तपासून आला. "गेट न्हाई, भोंगा न्हाई, न्यायला बस न्हाई. कसली गं कंपनी?"
रेवा म्हणाली, "तिघींना भोंगा कशाला, आबा? हाक मारली की जमतो."

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
लॅपटॉपची पूजा. खालून पीठ उडतं, आधी ते पुसलं. मी हळद जरा जास्तच वाहिली. "आई, बटणांत जाईल!" नारळ मामंजींनी फोडला, गिरणीच्या पायरीवर.

२ ऑक्टोबर, दसरा
हे सुट्टीवर आलेत. संध्याकाळी माडीवर गेलो, तर जिन्याखाली मामंजी. खुर्चीवर ताठ, डोक्यावर फौजेतली टोपी.
"गेट न्हाई न्हवं? मग म्या हाय."
आणि लोक येऊ लागले. बागायतदार, आपट्याची पानं घेऊन. आष्ट्याकडचे एक आजोबा मामंजींना विचारत होते, "उद्या फवारू नका म्हन्ती ती पोरगी हितंच असती का?" (निरोप रेवाच्या आवाजात जातात.)
सोनं त्यांनी तिच्या हातात ठेवलं. ती गडबडली. "आजोबा, लहानांनी द्यायचं असतं."
"माझी बाग वाचली, बाय. आज तू मोठी."
मामंजी यांच्याकडे वळले. "तुमच्या गेटावर बाहेरचं कोण सोनं द्याया येतंय का रं?"
"नाही, आबा." हे हसले. इतकं मोकळं हसताना कितीतरी दिवसांनी पाहिलं.
जिनाभर पानं. झाडावीशी वाटेनात.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळी पुण्याचा फोन. रेवा तो घेऊन गच्चीत गेली. अजून तिथेच आहे. हसण्याचा आवाज आला, पण हसते ती सगळ्यांशीच.
मामंजी दारात घुटमळले. "सूनबाई, उद्या गेटवर मानूस लागंल न्हवं?"
मी त्यांचा पांढरा सदरा इस्त्रीला घेतलाय.