झाडावरची नोटीस

३ मार्च, सोमवार

शहराच्या वृक्ष नियमावलीची दुरुस्ती माझ्या गळ्यात पडली. साहेब म्हणाले, जुने नियम तुमच्या वडिलांचे, म्हणजे तुमच्याच घरचे, तेव्हा डागडुजीही तुम्हीच करा. सगळे हसले, मीही हसले. जुने नियम अण्णांच्या हातचे — याच खात्यात असताना लिहिलेले. घरी अजून बोलले नाही.

११ मार्च, मंगळवार

बोलावं लागलं. अण्णांनी मसुदा मागून घेतला आणि बराच वेळ वाचत बसले. बरंचसं पटलं त्यांना — जुन्या झाडांना जादा संरक्षण, एक तोडलं तर त्याच वस्तीत नवी लावायची. मग एका कलमाशी बोट थांबलं. आजवर झाड तोडण्याआधी त्या झाडावरच नोटीस बांधायची, लोकांना हरकत घ्यायला मुदत द्यायची. आता नोटीस फक्त वेबसाइटवर. मी म्हटलं, कागद भिजतात, पोरं फाडतात, मग कोर्टकचेऱ्या होतात.

"झाडाखाली बसणारा माणूस तुमची वेबसाइट उघडून बसत नाही गं."

काळ बदललाय, असं म्हणाले मी. वर तोडून बोलले. आई म्हणाली, कचेरीतलं भांडण कचेरीत ठेवा, जेवण निवतंय.

२६ मार्च, बुधवार

हरकतींची सुनावणी. अण्णा आले! रांगेत नाव नोंदवून, इस्त्रीचा शर्ट घालून. घरी चकार शब्द नव्हता. मला 'मॅडम' म्हणाले, तेव्हा सभागृहात खसखस पिकली. शांतपणे, मुद्द्याला धरून बोलत होते. वेळ संपली. घंटा माझ्यापुढे. बाकीच्यांना मी थोडं थोडं पुढे बोलू दिलं होतं. अण्णांना दिलं तर बापाला झुकतं माप दिलं म्हणतील — ही धास्ती. वाजवली घंटा. ते अर्ध्या वाक्यात होते. थांबले, नमस्कार केला, खाली बसले.

उरलेलं वाक्य काय होतं, विचारायला हवं.

२७ मार्च, गुरुवार

नाही विचारलं.

१५ एप्रिल, मंगळवार

नियमावली मंजूर, एकमताने. आईनं तोंडभरून कौतुक केलं. अण्णा म्हणाले, "भाषा स्वच्छ आहे." त्यापेक्षा चिडले असते तर बरं झालं असतं.

९ जून, सोमवार

आमच्या कोपऱ्यावरचं मोठं झाड गेलं. कचेरीतून परतले तर नुसतं आभाळ. ज्याच्या सावलीत शिंपी मशीन टाकून बसायचा, तेच. उन्हात उभा होता बिचारा, मशीन चादरीनं झाकून. आरडाओरडा नाही, काही नाही. म्हणाला, "ताई, आधी कळलं असतं तर निदान भांडलो तरी असतो."

मान खाली घालून घरी आले.

१० जून, मंगळवार

वेबसाइटवर नोटीस रीतसर लागली होती, पूर्ण मुदत देऊन. हरकत एकही नाही. माझ्याच खात्याचं पान, माझ्याच गल्लीतलं झाड — आणि मीही वाचलं नव्हतं. ते कलम मागे घेऊ या, असं साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, आधी शाई तर वाळू द्या.

२१ जून, शनिवार

अण्णा सकाळी कुठे जातात ते आज कळलं. वेबसाइटवरच्या नोटिशा झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतात आणि ज्या त्या झाडाला सुतळीनं बांधून येतात. आई म्हणाली, "तू काढतेस, ते बांधतात. मी आपली दोघांच्या मधे सुतळी शोधत फिरते." हसू आलं आणि मग नाही आलं.

शाळेमागच्या झाडासाठी ढीगभर हरकती आल्यात. तोडणी थांबली. ठेकेदार धुमसतोय.

१ जुलै, मंगळवार

ठेकेदाराची तक्रार आली — अण्णांविरुद्ध. झाडाला काहीही ठोकायला-बांधायला बंदी आहे. जाहिरातवाल्यांना आवरायला घातलेलं कलम, तेही मीच लिहिलेलं. दंडाच्या नोटिशीवर सही माझी. साहेबांनी समजुतीनं विचारलं, दुसऱ्या कुणाला करायला सांगू का. उद्या सांगते म्हणाले.

घरी अण्णांना थांबा म्हटलं. "तू सही कर. मी दंड भरीन. त्यात काय एवढं?" इतकं सहज. मग न राहवून विचारलं — त्या दिवशी घंटा वाजली तेव्हा पुढे काय म्हणणार होता? त्यांनी खरंच आठवून पाहिलं.

"गेलं बघ डोक्यातून."

२ जुलै, बुधवार

सकाळी अण्णांबरोबर गेले. कागद मी धरला, गाठ त्यांनी मारली. मग कचेरीत जाऊन साहेबांना सांगितलं — तक्रारीत आणखी एक नाव घाला, आणि सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या.