मोबाईलमध्ये मेलेल्या वाघाबाबत खुलासा

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब,
वनपरिक्षेत्र कार्यालय, पिंपळझरी,
जि. यवतमाळ

विषय : मी वाघ मारला नसल्याबाबत, जप्त मोबाईल परत मिळणेबाबत व त्यात आपल्या कार्यालयातून सोडले जाणारे लांडगे तातडीने थांबविणेबाबत.

संदर्भ : दि. ४ ऑगस्ट रोजीचा जप्ती पंचनामा.

महोदय,

मी उर्वशी डोमाजी वाघमारे, धंदा शिवणकाम, रा. बोरी अरब, ता. दारव्हा, विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की,

१. मी व राजूरला दिलेली माझी धाकटी बहीण रंजिता मोबाईलवर जंगल वसवण्याचा खेळ खेळतो. गवत, झाडे, जनावरे आपणच सोडायची व जगवायची. जंगल एकच, दिसते दोघींच्या मोबाईलवर. तिच्या लग्नापासून आमची रोजची भेट तिथेच होते.

२. नवखी असल्याने मी सुरुवातीलाच वाघ सोडला. वाघाशिवाय जंगल म्हणजे नुसती झुडपे, असा माझा समज होता. वाघाला हरीण नाही, हरणाला गवत नाही. वाघ उपाशी मेला. ही बातमी मी एसटीतून रंजिताला फोनवर दिली : "रंजे, वाघ मेला वो. तिथंच पडून हाये. उद्या दुसरा सोडू." मागच्या सीटवर एक जागरूक नागरिक बसले होते.

३. दुसऱ्या दिवशी आपले वनरक्षक श्री. पूनमसिंग दुकानात आले. मी आडनाव सांगताच त्यांनी ज्या नजरेने पाहिले ती नजर शासकीय नव्हती. "वाघ कुठं हाये?" "मोबाईलमंदी." पंचनाम्यात "वाघ लपविल्याचे ठिकाण स्वतःहून दाखविले" असे नमूद झाले. त्यातच माझी आई मथुराबाई हिने "उपाशीच मारला जी त्याले, मी हिले सांगतलं होतं" अशी साक्ष दिली. मशीनखालच्या चिंध्यांत नखे शोधण्यात आली. ब्लाऊजचे हुक मिळाले.

४. चौकशीकामी मोबाईलचे लॉक काढून घेण्यात आले. त्यानंतर रंजिताचा आईच्या साध्या मोबाईलवर फोन आला : "ताई, येवढे लांडगे कायले सोडून राह्यली?" मी म्हटले, "माह्यापाशी मोबाईलच नाही." साहेब, आमच्या जंगलात आपल्या कार्यालयातले कोणीतरी होते.

५. सदर अज्ञात व्यक्तीच्या लांडग्यांनी आमचे सर्व ससे खाल्ले व मग तेही उपाशी मेले. भरपाई म्हणून सशांचे कळप सोडण्यात आले. त्यांनी गवत मुळासकट फस्त केले. गिधाडे घाण दिसतात म्हणून काढली, तर मेलेली जनावरे जागेवरच साचली. मग जिकडेतिकडे सागवान. शेवटी खेळातल्या काळाचा वेग वाढवून सदर व्यक्ती बहुधा जेवायला गेली. परत येईपर्यंत जंगलात शंभर वर्षे उलटली होती व सागवान सोडून काहीही जिवंत नव्हते. नवख्याकडून असे होते, माझ्याकडूनही झाले. परंतु मी ते खात्याच्या वेळेत केले नाही.

६. रंजिता फोनवर रडली. राजूरच्या खाणीमुळे तिच्या दारात कोळशाची धूळ असते, तुळसही काळी पडते. हिरवे म्हणून तिच्याकडे तेवढेच होते. वरची पाच कलमे मी त्या रागात लिहिली आहेत, ती तशीच राहू द्यावीत.

७. परंतु काल रंजिता सांगत होती की त्या व्यक्तीने सागवान विरळ केले, गवत पेरले आणि काहीही न सोडता नुसती वाट पाहिली. रंजिताने परीक्षा म्हणून गुपचूप हरणांची जोडी सोडली. त्या व्यक्तीने जवळ पाणवठा करून दिला. आज सकाळी पाडस झाले.

सबब, माझ्यावरील गुन्हा रद्द करून मोबाईल परत करावा. सदर व्यक्तीचे नाव मला नको व तिच्यावर कारवाईही नको. तिने हा खेळ स्वतःच्या मोबाईलवर घ्यावा, आम्ही दोघी तिला जंगलात घेण्यास तयार आहोत. पाडसाचे नाव ठेवणे बाकी असून त्याकामी तिचेही मत विचारात घेतले जाईल.

हरणांच्या वतीनेही आपली नम्र,
उर्वशी डोमाजी वाघमारे
बोरी अरब, दि. १८ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) पंचनाम्याची प्रत.
२) जंगलात येण्याचा कोड, बंद पाकिटात. साहेबांनी स्वतः न उघडता सर्व टेबलांवरून फिरवावे; ज्याचे आहे तो घेईल.