मायची खरी तारीख

१ जानेवारी, गुरुवार

सकाळपासून मोबाईल तापलाय. आपला ग्रुप — ‘पाईकराव परिवार (अधिकृत)’ — नुसता उसळलाय. कंसातलं ‘अधिकृत’ मला टाकावंच लागलं, कारण चुलतभाऊ धम्मानंदानं मागच्या वर्षी ‘पाईकराव परिवार’ नावाचा दुसरा ग्रुप काढला. त्यात तेच लोक, त्याच बातम्या. फक्त ॲडमिन तो! असो.

अर्धा परिवार भीमा कोरेगावला मानवंदनेला गेलाय. धम्मानंदानं तिथले स्वतःचे इतके फोटो टाकले, पण एकातही स्तंभ पूर्ण आला नाही. मी मात्र सगळ्यांना वेगवेगळं ‘जय भीम’ लिहिलं. ॲडमिनला जबाबदारीनं वागावं लागतं.

दुपारी माय शेजारी येऊन बसली. मी रोजच्यासारखा तिला ग्रुप वाचून दाखवत होतो. कोणाच्या लेकराला दात आले, कोणी ट्रॅक्टर घेतला, कोणाची नात पहिली आली. ऐकता ऐकता म्हणाली, “रत्ना, ह्याच्यात सगळ्यायचे वाढदिवस येतेत. माझा काहून येत न्हाई?”

शाळेतला क्लार्क मी. अख्ख्या सेनगावच्या पोरांच्या जन्मतारखा माझ्या हातून जातात. आमच्या वयाचे निम्मे लोक एक जूनला जन्मले, ही गुरुजींची कृपा. त्या दिवशी ग्रुपवर इतके केक येतात की मोबाईल हँग होतो. पण माय शाळेतच गेली नाही, तर गुरुजी तिला तारीख कुठून देणार? आधार कार्ड काढून पाहिलं. एक जानेवारी. म्हणजे आजच!

लगेच टाकलं — ‘आमच्या मातोश्री चतुराबाई यांना हार्दिक शुभेच्छा!’ धडाधड उत्तरं आली. ‘तुम्हालाही.’ ‘सेम टू यू काका.’ ‘नवीन वर्ष सुखाचे जावो.’ धम्मानंदाचा नुसता अंगठा.

मायला म्हटलं, अगं आजच आहे तुझा वाढदिवस! ती हसली नाही. “ते आधारवाल्या पोरानं टाकलं. मीच म्हन्ले व्हते, टाक बाबा काहीबी. खरी तारीख सांग.”

२ जानेवारी

“सापडली का?” — चहाच्या आधीच!

४ जानेवारी, रविवार

बायको म्हणते, मायनं या घरात आजवर काही मागितलं नाही. साडी आणली तर ‘कशाला’, चष्मा केला तर ‘कशाला’. आता एक तारीख मागते आहे, तर ती तरी शोधून द्या. साधनाचं म्हणणं बरोबर असतं तेव्हा मला फार राग येतो.

मायला नीट विचारलं. तिला एवढंच माहीत, की आमचे आबा — म्हणजे तिचे वडील — दीक्षेला नागपूरला गेले, तेव्हा ती रांगत होती. म्हणजे साल छप्पन्न. यंदा सत्तरी! हे तर आपल्याला सुचलंच नव्हतं. सत्तरी म्हणजे कार्यक्रम, कार्यक्रम म्हणजे फोटो!

ग्रुपवर निवेदन टाकलं — ‘मातोश्रींच्या खऱ्या जन्मतारखेबाबत कोणास माहिती असल्यास त्वरित कळवावे.’ उत्साह जबरदस्त. पुसेगावच्या आत्यानं बोलून पाठवलं — “चतुरावहिनी वैशाखातली हाय. आंब्याचे दिवस व्हते. म्या सोता पाह्यलं.” आत्या मायपेक्षा लहान आहे! धम्मानंद म्हणाला, १४ एप्रिल धरा, रोषणाई आपोआप होते. एका भाच्यानं तर ‘लेकरू कोणत्या महिन्यात रांगतं’ यावर व्हिडिओ पाठवला. त्याखाली सतरा जणांनी हात जोडले. वाढदिवस कोणाचा हे बहुतेक कोणी वाचलंच नाही.

माय म्हणाली, “ह्या लोकायला काय ठाव? पुंजाजीदादाला इचार. त्याच्या सगळं ध्यानात राहते.”

पुंजाजीमामा म्हणजे मायचा मोठा भाऊ. हट्टा गावाला असतो. ऐंशी ओलांडली, पण कोणती शेळी कोणत्या साली विकली ते सांगतो. त्याच्याकडे साधा फोन, म्हणून तो ग्रुपवर नाही. अशा माणसाला परिवारात धरावं की नाही, हा प्रश्नच आहे.

७ जानेवारी

मामाला फोन लावला. “मामा, मायची जन्मतारीख?” तिकडून, “थंडी लई हाय यंदा. तूर कशी हाय तुमच्याकडं?” म्हटलं, मामा, मी क्लार्क आहे, माझी तूर नाही. फोन कट.

११ जानेवारी

पुन्हा फोन. सुनेनं उचलला. “मामाजी शेतात गेलेत.” मागून मामाचाच आवाज — “सांग, उद्या बी शेतातच हाय म्हनून!”

म्हातारा आता विसरायला लागला असावा आणि कबूल करायची लाज वाटत असावी. मोठ्या माणसांचं असंच असतं. मी विसरलो तर सरळ सांगतो.

१८ जानेवारी, रविवार

निर्णय घेतला! ऐश्वर्याचा — आमच्या पोरीचा — पुण्याहून फोन आला. “बाबा, तारीख कुणाला कळतेय? सगळ्यांना सुट्टी असेल तो दिवस घ्या.” पोरगी हुशार आहे. ८ फेब्रुवारी, रविवार. हॉल मोकळा, फोटोग्राफर मोकळा, मीसुद्धा मोकळा. ग्रुपवर जाहीर करून टाकलं. लगेच त्रेसष्ट अंगठे! धम्मानंदानं आपल्या ग्रुपवर ते स्वतःच्या नावानं टाकलं. नीचपणाला सीमा असते.

संध्याकाळी फ्लेक्सवाल्याकडं. मध्ये मायचा फोटो, खाली शुभेच्छुक. शुभेच्छुकांत माझा फोटो जरा मोठा, ते साहजिकच. मग पुसेगावच्या आत्याचा रुसवा — माझा काहून न्हाई? तिच्या तीन पोरांचे फोटो आले, मग जावयांचे. धम्मानंदानं गॉगल घातलेला पाठवला. एवढ्या गर्दीत माय शोधावी लागते. फ्लेक्सवाल्यानं तिच्या मागं सिंह उभा केला. म्हटलं, सिंह काढ. म्हणाला, “सर, सिंह सगळ्यायलाच लागते.” राहू दिला.

२० जानेवारी

मायला मोबाईलवर फ्लेक्स दाखवला. चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. मी व्हिडिओ काढायच्या तयारीत.

“सापडली का मंग तारीख?”

म्हटलं, ठरवली माय. आठ फेब्रुवारी.

“ठरवून कशी सापडती रे?” म्हणाली आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसली. रात्री भाकरी अर्धीच खाल्ली.

मला राग आला. एवढं सगळं कोणासाठी चाललंय? पण राग उतरल्यावर वाटलं, तिच्या आवाजात हौस नव्हतीच. काहीतरी हरवलेलं माणूस विचारतं तसं ती विचारते आहे. आणि मी तिला सिंह दाखवतोय.

२५ जानेवारी, रविवार

हट्ट्याला जाऊन आलो. फोनवर मामा सटकतो, समोर कसा सटकेल? हिंगोलीला गाडी बदलली, दुपारी पोचलो. मामा शेळ्यांना पाला टाकत होता. मला पाहिलं आणि म्हणाला, “आलास का. मला वाटलंच व्हतं.”

मी फ्लेक्स दाखवायला मोबाईल काढला. “ठिव ते खिशात.” ठेवला.

बराच वेळ पाला टाकत राहिला. मग शेळ्यांकडं बघतच बोलला. जसं बोलला तसं लिहून ठेवतो —

“होळीचा दिवस व्हता. तव्हा आपल्यात बी होळी व्हती, दीक्षा व्हायची व्हती अजून. गावात होळी पेटली अन् आपल्या घरात चतुरा झाली. अन् माय गेली. आमची माय, गयाबाई. सांजच्या टायमाला. म्या दारात उभा व्हतो. लोकं तिकडं बोंबा मारून राहिले व्हते होळीच्या, अन् इकडं बाप रडून राहिला व्हता, तं कुनाला आयकूच येईना.”

मला काही समजेना. म्हटलं, मामा, आजी तर पद्माबाई. मी बारावीत असताना वारली, मीच खांदा दिला.

“पद्माबाई आमची मावशी. गयाबाईची धाकली भन. चतुरासाठीच बापानं तिला घरात आनली. सोताचं लेकरू होऊ देलं न्हाई तिनं. अन् सगळ्यायकडून वचन घेतलं, पोरीला कुनी सांगायचं न्हाई. लोकं पांढऱ्या पायाची म्हनतेत अशा लेकराला. ते तिच्या कानावर नगं.” हातातली पाल्याची शेवटची फांदी टाकली. “मावशी गेली, बाप गेला. ज्यायनं वचन देलं ते सगळे गेले. आता मी एकलाच राह्यलो.”

निघताना माझा दंड धरला. म्हाताऱ्याच्या हातात अजून चांगलीच ताकद आहे. “हे आता त्या मोबाईलात टाकनार का तू?”

अख्ख्या रस्त्यानं मला त्याच प्रश्नाची लाज वाटत होती. त्याला तो विचारावा लागला, याची.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. हातातली जिलेबी शेजारच्या पोराला देऊन टाकली.

ग्रुपवर टाकलं — ‘मातोश्रींचा कार्यक्रम तांत्रिक कारणास्तव पुढे ढकलला आहे.’ एकोणपन्नास अंगठे. ‘अभिनंदन!’ असं तिघांनी लिहिलं. धम्मानंदाचा मेसेज — ‘तांत्रिक म्हणजे काय?’ उत्तर दिलं नाही. फ्लेक्सवाल्याला नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, “सिंहामुळं का?”

साधनाला सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, “तुम्ही पहिल्यांदा एखादी गोष्ट फक्त मला सांगितली.”

२७ जानेवारी

“दादानं काय सांगितलं?”

“मामाला आठवत नाही, माय. वय झालं त्याचं.”

माझ्याकडं बघत राहिली. मी मोबाईलमध्ये डोकं घातलं. स्क्रीन बंद होती.

२९ जानेवारी

आज तिनं विचारलंच नाही. न विचारणं जास्त जड जातंय. सत्तर वर्षं जे तिच्यापासून लपवून ठेवलं, ते मी कसं फोडू? आणि नाही सांगितलं, तर तिनं आयुष्यात मागितलेली एकच गोष्ट माझ्या खिशात घेऊन मी तिच्यासमोर जेवतोय. खोटं बोलायची मला सवय आहे — ‘खूप सुंदर फोटो’, ‘नक्की येतो’ — पण हे जमत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार. पौर्णिमा

माय पांढरी साडी नेसून विहारात निघाली होती, हातात मेणबत्ती. दारात थांबली. “दादानं सांगितलं तुला. तुझं तोंड पाहूनच कळलं. मला भेऊ नको. माझी माय मला जलम देऊन गेली, ठाव हाय मला. लगनाच्या आधी चुलतीनं भांडणात तोंडावर फेकलं व्हतं. पौर्णिमेची गेली म्हने. कोणत्या, ते तिला बी ठाव नव्हतं. पद्मामायला इचारलं असतं, तं तिला वाटलं असतं की तिची माया कमी पडली. म्हनून गप राह्यले. वाढदिवस कशाला पाहिजे रे मला? सगळ्या पौर्णिमेला तिच्यासाठी मेणबत्ती लावते. तिची कोणती, ते कळलं असतं म्हनून इचारत व्हते.”

म्हटलं, होळीची, माय.

“म्हंजी पुढलीच.” मग मेणबत्ती दुसऱ्या हातात घेत, हळूच — “अन् नाव काय व्हतं तिचं?”

सांगितलं. “गयाबाई,” असं दोनदा म्हणाली आणि चप्पल घालून निघाली.