पाळण्यातला इनामदार

मांडवगण फराटा
२८ फेब्रुवारी १९५८, सकाळ
शेतकरी बंधूंनो! ज्यांच्या दारावरून आपले आजे वहाणा हातात घेऊन गेले, त्यांचीच नावं आज आपण पाळण्यात घालतो आहोत! (भाषणाची सुरुवात झकास. बारशाला हीच.)

काल आमच्या लेकीला, धुरपदाला मुलगा झाला. माझा पहिला नातू. आज कासुर्डीहून व्याही भिमाजी आले. पेढा चघळत म्हणाले, नाव ठरलंय, इनामदार. आडनाव नव्हे, नाव! पेढा थुंकावासा वाटला. इनामं जावीत म्हणून मी तालुकाभर सभा गाजवल्या. कायद्यानं गेली ती आता माझ्याच ओसरीवर रांगणार!

निश्चय: हे नाव पडू देणार नाही.

२ मार्च
धुरपदाला पाऊण तास समजावलं. जहागीरदार काय, सरदेशमुख काय, लोक सरंजामाच्या उष्ट्या पत्रावळी पोरांच्या कपाळाला चिकटवतात. शिसारी येते. तिनं एकदाही तोंड उघडलं नाही. पटलेलं दिसतंय.

मागाहून रंगुबाई म्हणाली, "बसल्या बसल्या झोपली व्हती ती." आमच्या सौभाग्यवतींना कशाचं गांभीर्य नाही.

५ मार्च
शिरूरला चांदभाईकडे बारशासाठी लाउडस्पीकर सांगितला. हसून म्हणाला, "आप्पा, नाव आत्या ठेवती. बाप्यांनी घुगऱ्या खायच्या." वाचन नाही बिचाऱ्याचं.

व्याह्यांना नऊ पानी पत्र टाकलं.

८ मार्च
पत्राचं उत्तर म्हणून व्याही स्वतःच हजर. पोस्टमननं वाचून दाखवलं म्हणे, दमला. मग म्हणाले, "आप्पा, माझ्या बापाची हयात 'जी इनामदारसायब' करण्यात गेली. आता मी रोज दिस उगवला की वरडणार, ए इनामदार, ऊठ, शेण काढ! ऐकू दे की गावाला."

हा काय युक्तिवाद झाला? उत्तर होतं माझ्याकडे. व्याह्यांचा मान राखला.

१० मार्च, दुपार
उभा राहिलो. लाउडस्पीकर खरखरला. "शेतकरी बंधूंनो!" समोर नुसत्या बायका. तेवढ्यात जावयांची बहीण साखरबाई पाळण्यावर वाकली, पोराच्या कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. संपलं. नाव पडलं. भाषणाची बारा पानं खिशातच.

घुगऱ्या बऱ्या होत्या.

निश्चय: मी त्याला या नावानं जन्मात हाक मारणार नाही.

१४ मार्च, संध्याकाळ
बायका पाण्याला गेलेल्या. पोर माझ्या मांडीवर. धोतर भिजवलं, वर रडं थांबेना. बाळा म्हणालो, राजा म्हणालो (तोंडातून गेलं). भेटीला आलेले व्याही ओसरीवरून म्हणाले, "नावानं हाणा की हाक. ए इनामदार, गप! म्हणा. लगेच बसतंय."

म्हटलं, एकदा म्हणून टाकू. इनामदारांना भाषणातून कितीदा अरे-तुरे केलंय मी. पण "ए" काही बाहेर पडेना. घसा धरला असावा, ऊन फार होतं आज. पोर डोळे वटारून बघत होतं. मी नकळत टोपी सारखी केली आणि म्हणालो,

"इनामदार, निजा आता."