खाली बस, नाहीतर चालत घरी जा

मेम्फिस,
११ फेब्रुवारी

चि. डिमॅरियस यास,
अ. उ. आ.

तुझी आई चार्लसेटा सांगत होती की मी तुझा फोन उचलत नाही म्हणून तू रुसून बसला आहेस. रुसू नकोस रे. डॉक्टरांनी मला बोलायला बंदी केली आहे. जिचा सगळा जन्म शाळेची पिवळी बस चालवण्यात आणि मागच्या पोरांवर ओरडण्यात गेला, तिला गप्प बस म्हणायचं म्हणजे काय ते तूच बघ! म्हणून हे पत्र. उत्तर लिहिलंस तर अक्षर जरा मोठं काढ. तू शाळेत असतानाही तुझं अक्षर मला कधी लागलं नाही.

आधी गोड बातमी. ब्यूटी पार्लरमध्ये गेले होते, तर मासिकाच्या मुखपृष्ठावर तू! पार्लरवाल्या वरवीनने ते आरशाशेजारी चिकटवलं आहे आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगते की या मुलाला लहानाचं मोठं जणू मीच केलं, इतका तो माझा आहे. तुझे केस तिने एकदाच कापले होते, तेही वाकडे. पण ऐकून माझी मान ताठ झाली, खोटं कशाला बोलू? देशातल्या सगळ्यांत श्रीमंत रॅपरांमध्ये तुझं नाव आहे, असं आत छापलंय. अटलांटाच्या घराचे फोटोही पाहिले. अकरा न्हाणीघरं कशाला रे एवढी? आपल्याकडे एकच होतं, आणि त्याच्या बंद दारावर बोटांनी ताल धरत तू रांगेत उभा असायचास. आत मी असले की ओरडायचे, तरी तुझा ताल चुकायचा नाही.

झुरळाच्या पंखासारखी दारं वर उघडणाऱ्या त्या गाड्या मला काही आवडल्या नाहीत. पण त्यांच्या रांगेत शेवटी माझी जुनी बस उभी दिसली आणि मी पार्लरमध्येच रडले. भंगारात निघालेली बस तू शोधून विकत घेतलीस आणि आम्हाला कुणाला बोलला नाहीस. 'बॅकसीट टॉली' हे तुझं स्टेजवरचं नाव मात्र अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. माझ्या आईला या गावात काळी म्हणून बसमध्ये मागच्याच बाकावर बसावं लागायचं, मनात असो वा नसो. तिचा नातू तेच नाव सोन्यात घडवून गळ्यात घालतो. तिने पाहिलं असतं तर आधी कान पिळला असता आणि मग साखळी हातात घेऊन वजन बघितलं असतं.

आता दुसरी बातमी. घशात जे आहे ते वाईट आहे. स्वरपेटी काढावी लागेल, असं डॉक्टर म्हणतात. काढली तर जगेन, पण पुन्हा बोलणार नाही. श्वाससुद्धा गळ्याच्या भोकातून घ्यायचा. मी नाही म्हणून सांगून आले. न्यू गिलियड चर्चच्या गायकवृंदात मी उभी राहिले की पाद्रीबाबा डोळे मिटतात. ते सोडून भिंतीला टेकून बसायचं, हे मला जमायचं नाही. चार्लसेटाला अजून सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस.

तब्येतीला जप, भाजी खात जा, आणि माझ्यावर माया आहे ती कमी होऊ देऊ नकोस.
तुझी
लव्होनियामावशी

*

अटलांटा,
२० फेब्रुवारी

ती. लव्होनियामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर मोठं काढलं आहे. आईला सांगितलं आहे. हवं तर मार.

मावशी, तू नाही म्हणून आलीस हे वाचलं आणि स्टुडिओतल्या सगळ्यांना घरी पाठवलं. हे पत्र कसं लिहायचं ते मला कळत नाही. गाणं लिहायला सांग, लगेच लिहीन.

तुला एक गोष्ट कधी नीट सांगितली नाही. मी चौदा वर्षांचा होतो. छोटा टेपरेकॉर्डर मोज्यात लपवून तुझ्या बसमध्ये आणला होता, कारण त्या बसइतका चांगला ताल मला कुठेच सापडला नव्हता. खिडक्या खडखडायच्या, पोरं बाकं बडवायची. मी मागच्या बाकावर उभा राहून कडवी म्हणत होतो आणि मधेच तू ओरडलीस, खाली बस, नाहीतर चालत घरी जा. टेपवर ऐकलं तर माझी कडवी कुणाला कळत नव्हती. तुझं वाक्य मात्र भिंतीवर खिळा ठोकावा तसं बसलं होतं. मग मी प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला तेच लावलं. लमार अव्हेन्यूवर गाड्या धुतात तिथे डिकीतून सीडी विकायचो, तेव्हा गिऱ्हाइकं मला विचारायची की ती बाई कोण आहे. रेडिओवाल्यानेही पहिल्यांदा तेच विचारलं. मी कोण, हे त्याने बऱ्याच दिवसांनी विचारलं!

आता लंडनला आणि लेगॉसला माणसं तिकीट काढून येतात, दिवे मालवतात, तुझा आवाज येतो आणि अख्खं सभागृह तुझ्याबरोबर ओरडतं. माझे शब्द त्यांना नंतर पाठ होतात. हे घर, या गाड्या, ती अकरा न्हाणीघरं, सगळ्याच्या तळाशी तू पोरांना दिलेला दम आहे. तेव्हा तुझ्या आवाजाची किंमत मला सांगू नकोस, मला ती तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि तरीही सांगतो, काढू दे ती पेटी. आवाज माझ्याकडे आहे, मावशी. तू नाहीस. मला तू हवी आहेस.

आई रुग्णालयात रात्रपाळीला जायची, तेव्हा मी तुझ्या घोरण्याच्या आवाजावर झोपायचो. मला भीती वाटते आहे. उन्हाळ्याचा दौरा रद्द करतो आणि तिकडे येऊन राहतो.

रागव, पण हो म्हण. एवढा लोभ कर.
तुझा
डिमॅरियस

*

मेम्फिस,
३ मार्च

चि. डिमॅरियस यास,
अ. उ. आ.

मी घोरत नाही.

दौरा रद्द केलास तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. दिवे लावणारे, ट्रक चालवणारे, कपडे इस्त्री करणारे, त्यांच्या घरच्या चुली तुझ्यावर पेटतात. वाहन चालवणाऱ्या माणसाचा पगार बुडवायचा नाही, हे मी तुला सांगायला हवं का?

तुझं पत्र मी वाचून उशीखाली ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा वाचलं. 'तू नाहीस' या दोन शब्दांनी माझी झोप उडवलीस. म्हणून काल जाऊन सही करून आले. चार्लसेटाने डॉक्टरांच्या खोलीतच मला मिठी मारली आणि मग आठ दिवस लपवलं म्हणून तिथेच भांडायला लागली. ते बिचारे बाहेर जाऊन उभे राहिले.

पण मला काय वाटतं ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगवत नाही. मला मरणाची भीती नाही. मला भीती वाटते ती अशी, की मी खोलीत असेन आणि कुणाला कळणार नाही. आवाजावर मी पोरं सांभाळली, दारूच्या नादी लागलेला नवरा घराबाहेर काढला, तुला वाढवलं. आता माझं कोण ऐकणार? रविवारी शेवटचं गायले. पाद्रीबाबांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले, सगळे चेहरे बघून घेतले.

आठवण ठेव. माझ्यासाठी प्रार्थना कर, आणि ती करताना तरी शिव्या घालू नकोस.
तुझी
लव्होनियामावशी

*

मेम्फिस,
२९ एप्रिल

चि. डिमॅरियस यास,
आईचे अ. उ. आ.

मावशीचं ऑपरेशन चांगलं झालं हे तुला फोनवर सांगितलंच. डॉक्टर खूश आहेत, दुखणं सगळं निघालं म्हणतात. पण फोनवर तिच्या देखत बोलता येत नाही, म्हणून हे लिहिते. ती काही ठीक नाही रे.

भिंतीकडे तोंड करून पडून असते. तू धाडलेलं गळ्याला लावून बोलायचं महागडं यंत्र तिने एकदाच वापरलं. पाटीवर लिहिलं की मी विमानतळावरच्या घोषणेसारखी बोलते, आणि ते खणात टाकून दिलं. गायकवृंदाचा झगा धुऊन, इस्त्री करून परत पाठवला. शेजारची पोरं अंगणात चेंडू मारतात तर आधी ही खिडकीतून गरजायची. आता पडदा ओढून घेते. रेडिओवर तुझं गाणं लागलं, सुरुवातीला तिचाच आवाज आला, आणि तिने उठून तारच उपटली. मला पुढे बघवलं नाही.

काल एक झालं. आपल्या चर्चमध्ये पांढऱ्या कपड्यांत दाराशी उभ्या राहून लोकांना जागेवर बसवणाऱ्या सेविका असतात ना, त्यांची प्रमुख सिस्टर ओडम आली. तुला आठवत असेल, लहानपणी तुझ्या तोंडातलं च्युइंगम तळहात पुढे करून काढून घ्यायची ती. लव्होनियाचं आणि तिचं कधीच पटलं नाही. आली, बसली नाही, पलंगावर पांढऱ्या हातमोज्यांची जोडी ठेवली. म्हणाली की आमच्या पथकात प्रार्थना सुरू असताना कुणी तोंड उघडायचं नसतं, तेव्हा तुझ्यात काही कमी आहे असं मला दिसत नाही. रविवारी नऊला ये, उशीर चालणार नाही. आणि गेली. लव्होनियाने मोजे फेकले. आज सकाळी पाहिलं, तर ते वाळत घातले होते.

सांभाळून राहा. पोटभर जेव.
तुझी
आई

*

मेम्फिस,
१४ जुलै

चि. डिमॅरियस यास,
अ. उ. आ.

तुझी आई तुला सगळं कळवते हे मला माहीत आहे, तरी माझ्याकडून ऐक. मी दाराशी उभी राहते आहे. ओडम म्हणजे फौजदार आहे नुसती. डावा हात पाठीमागे, पाठ सरळ, हसायचं ते बेताचं. हात वर केला की थांबा. बोट दाखवलं की ती रांग. तळहात सावकाश खाली आणला की बसा. शिकायला मला वाटलं त्याहून वेळ लागला, कारण हात उचलला की माझं तोंड आपोआप उघडायचं. ओडम म्हणते की आता बरी उभी राहतेस. तिच्या तोंडून एवढं म्हणजे पदकच समज. आम्ही दोघी बुधवारी कॅटफिश खायला जातो, तीच बडबडते आणि मला मान हलवावी लागते.

ऑगस्टच्या तुझ्या कार्यक्रमाची तिकिटं मिळाली. तुझ्याच गावात, एवढ्या मोठ्या सभागृहात तू गाणार आणि सगळी तिकिटं संपली! ज्या पोराला शाळेच्या स्नेहसंमेलनात घेतलं नव्हतं, त्याच्या नावाचा फलक आता हमरस्त्यावर आहे. मी बसने गेले तो बघायला, आणि ड्रायव्हरला पाटीवर लिहून सांगितलं की हा माझा. त्याने बस हळू केली.

मी येईन. पांढऱ्या कपड्यांतच येईन, माझ्याकडे दुसरं चांगलं काही नाही. पण एक मागते. त्या रात्री माझा आवाज लावू नकोस. तो ऐकत तिथे बसणं मला सोसणार नाही.

मायेने हो म्हण, वाद घालू नकोस.
तुझी
लव्होनियामावशी

*

अटलांटा,
२७ ऑगस्ट

ती. लव्होनियामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

कार्यक्रम संपल्यावर तू आईबरोबर लगेच निघून गेलीस, मला गाठता आलं नाही. स्टेजवरून काय दिसलं ते तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून लिहितो.

तू म्हणालीस तसं केलं. आवाज काढून टाकला. दिवे मालवले, आणि जिथे तू यायचीस तिथे काहीच आलं नाही. लोकांना वाटलं की यंत्र बिघडलं. मग माझ्या गावची माणसं ती, स्वतःच ओरडायला लागली, तुझं वाक्य, पुन्हा पुन्हा. तू समोरच होतीस. मी हात करून थांबवायला गेलो तर कुणी बघेना. उलट पोरं घडीच्या खुर्च्यांवर चढली, मागून रेटा यायला लागला, एक मुलगी पडता पडता वाचली. रखवालदार ओरडत होते. मी माइकवरून ओरडत होतो, थांबा, उतरा, आणि माझं कुणी ऐकत नव्हतं.

तेव्हा तू उठलीस. तुला वाटलं असेल कुणी बघत नाही, तू त्या मुलीकडेच बघत होतीस. कॅमेरावाल्याने न सांगता तुला पडद्यावर घेतलं. पांढरे कपडे, गळ्याला रुमाल, डावा हात पाठीमागे. उजवा हात वर. आणि मावशी, त्यांनी तुला ओळखलं! कसं ते मला माहीत नाही, तुझा फोटो मी कधी कुठे दिला नव्हता. बसच्या आरशातून बघायचीस ना, तसं बघितलंस. गलका ओसरला. तू तळहात सावकाश खाली आणलास आणि अख्खं सभागृह बसलं. पार वरच्या सज्ज्यातले, पायऱ्यांवरचे, बर्फाचे गोळे विकणारा, रखवालदारसुद्धा. एवढ्या माणसांच्या बसण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मग मीही बसलो, स्टेजवर, सगळ्या साखळ्यांसकट.

मला आतापर्यंत जे मिळालं, त्यात यापेक्षा मोठं काही नाही. मी रडलो हे पडद्यावर दिसलं असेल. दिसू दे.

तुझी माया आहे तोवर मला काही कमी नाही.
तुझा
डिमॅरियस

*

मेम्फिस,
२ सप्टेंबर

चि. डिमॅरियस यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. ओडमला वाचायला दिलं, तर म्हणाली की हात थोडा जास्तच वर गेला होता.

त्या रात्री, हात खाली आणेपर्यंत, मला बोलता येत नाही हे मी विसरले होते. घरी आल्यावर आठवलं, आणि फार काही वाटलं नाही. रेडिओची तार परत लावली आहे. यापुढे गाण्यांच्या आधी माझा आवाज लाव. चांगला होता तो.

आणि हो, तू सगळ्यांत शेवटी बसलास. बसमध्येही असंच करायचास. मी पाहिलं आहे.

पुढच्या वेळी वेळेवर बस. बाकी आशीर्वाद आहेतच.
तुझी
लव्होनियामावशी