दीड इंचाच्या चकत्या

प्रिय सेनाइदा,

फोन केला असता. पण तू माझा फोन उचलतेस, मागून तुझ्या आज्याचा खोकला ऐकू आला की "आजी, गिऱ्हाईक आलंय" म्हणतेस आणि ठेवून देतेस. तू काम करतेस त्या तुसॉनच्या गॅरेजात नेमकी त्याच्या खोकल्यालाच गिऱ्हाइकं कशी येतात, हे विचारायचं मी सोडून दिलंय. म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर कोंबड्यांनी उकरल्यासारखं आहे, तरी शेवटपर्यंत वाच.

आधी बातम्या. जर्दाळू फुलले आणि दरवर्षीसारखे थंडीनं मारले. सेल्साबाईंनी नवे दात बसवले; जेवताना काढून ठेवतात आणि भांडायचं असलं की घालतात. आणि आपल्या पिकअप गाडीचा पुढचा बंपर गेला. कुरणाच्या वाटेवरच्या कोरड्या ओढ्यानं खाल्ला. गाडी ओढ्यात उतरली की नाक आधी मातीत, हे तू होतीस तेव्हाही होतंच. तूच मला समजावलं होतंस की असल्या गाड्या कंपनीतूनच नाक खाली, शेपूट वर अशा येतात, मागे ओझं टाकलं की सरळ व्हाव्यात म्हणून. आता पुढच्या स्प्रिंगा म्हाताऱ्या झाल्या, नाक आणखी खाली आलं, आणि तुझा आजा दर खेपेला गाडीनं ओढा नांगरून काढतो. बंपर काखेत मारून चालत घरी आला तेव्हा मी विचारलं, "पेरणी झाली का?" त्यानं बीन्सचं ताट पुढं ओढलं आणि जेवला.

खरं सांगू, त्याचं ओझ्याचं वेड जुनं आहे. तुझी आई माझ्या पोटात होती तेव्हा आमच्याकडे ती हिरवी खटारा गाडी होती, रिकामी असली की माणसाची हाडं मोजायची. दवाखान्यात न्यायचं म्हणून यानं मागच्या हौद्यात कोंड्याची पोती टाकली, सावकाश चालवली, आणि मला गादीवर बसल्यासारखं वाटलं. परत आल्यावर ती पोती पुन्हा खांद्यावरून उतरवली. मी तेव्हा समजले की हा माणूस तोंडानं प्रेम करणार नाही, पोती वाहील. पंचावन्न वर्षं तेच चाललंय. रिकामी गाडी त्याच्या लेखी गाडीच नाही.

आणि तू आताची गाडी रिकामी असताना मापलीस.

तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सान इसिद्रोच्या सणाची आदली सकाळ. आजा मेंढ्यांच्या बाजाराला गेलेला. तू त्याचा लाल रुमाल केसांना बांधून अंगणात आडवी, नुसते पाय गाडीबाहेर, आणि तोंडानं ते तुझं बेसूर गाणं. नाक उचलायला पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर अडीच इंच जाडीच्या चकत्या बसवल्यास. मग हौद्याच्या कडेवर पाणसळ ठेवून मला ओरडून बोलावलंस, "आजे, ये, बघ, बुडबुडा कसा मधोमध!" मिरच्या भाजत होते, हात तसेच घेऊन आले. गाडी खरंच देखणी उभी होती, लग्नाला निघालेल्या घोड्यासारखी. ओढ्यातून आणून दाखवलीस, नाकाला माती लागली नव्हती. तू किती हसलीस त्या दिवशी. तेवढी हसलेली तू मला नंतर दिसली नाहीस.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीला हौद्यात सान इसिद्रोची मूर्ती चढली आणि भजनाच्या आठ बायका चढल्या, त्यांतली एकही हलकी नाही. गाडीचा मागचा भाग बसला, नाक वर. शेतकऱ्यांचा संत, शेतं बघायची सोडून पाठीवर रेलून ढगांकडे बघत निघाला. सेल्साबाईंनी त्याचे पाय धरले होते आणि बाकीच्यांनी सेल्साबाईंचे. कालव्याच्या कडेनं सगळं गाव हसत होतं, मीही हसले. आजा हसला नाही. संताची गाडी हाकायचा मान आपल्या घराचा. त्याचा बाप खेचरं जुंपून न्यायचा. देवळापुढं यानं गाडी थांबवली, खाली उतरला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ज्यानं जन्मात कधी ओझं उचललं नाही, त्यानं ही गाडी सजवलीय."

तुला! सात वर्षांची असल्यापासून कोकरं पाठीवर घेऊन बर्फातून येणाऱ्या तुला. तुझं माप चुकलं होतं, ते चुकलंच होतं, मी लाड करणार नाही. पण चूक दाखवायला अंगण होतं, देवळाची पायरी नव्हती. संध्याकाळी यानं चकत्या काढल्या, तू बॅग भरलीस. दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत हा ओढ्याला शिव्या देतोय, आणि मी मोजून ऐकतेय की त्या शिव्या ओढ्याला नाहीत.

तर बंपर गेल्यावर तो ओनोफ्रेच्या गॅरेजात गेला. मला मीठ आणायचं होतं, मीही चढले. तिथं जाऊन काय बोलावं? "ओनोफ्रे, समज एखाद्याला गाडीचं नाक उचलायचंय. माझं नाही, एखाद्याचं." ओनोफ्रे तसा बेरकी. म्हणाला, "त्या एखाद्याला सांगा दोन वाटा आहेत. वर-खाली करता येणारे नवे शॉकअप घ्या, गाडी पाळण्यासारखी चालेल, पण त्या किमतीत गाय येते. नाहीतर जुन्याच शॉकअपवर चकत्या बसवा. उंची मिळेल, चाल आहे तीच राहील."

"चकत्या," आजा म्हणाला. "किती जाड?"

"ते ओझ्यावर आहे. अडीच इंच घातल्या तर गाडी रिकामी छान दिसते, भरली की आभाळ बघते. शिवाय चाक धरणाऱ्या वरच्या दांडीचा सांधा तिरका होऊन झिजतो. भरलेल्या गाडीचं माप घ्या आणि त्यावरून ठरवा."

ओनोफ्रेनं मग प्लास्टिकच्या चकत्या काढल्या. आज्यानं एक हातात घेतली, मिठाईला लागलेला केस बघावा तशी बघितली आणि म्हणाला, "असल्या नकोत. सेनाइदानं आणलेल्या ॲल्युमिनियमच्या होत्या. ती माल पारखून घेते."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून तुझं नाव. ओनोफ्रे माझ्याकडे बघायला लागला, मी मिठाच्या पुडीकडे. आजा मात्र शेल्फावरच्या तेलाच्या डब्यांवर काय लिहिलंय ते वाचत उभा राहिला. त्याला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, आणि चष्मा घरी होता.

माप घ्यायचं म्हणजे ओझं हवं. यानं लाकडं भरायला घेतली तर मी म्हटलं, "लाकडं सणाला भजन म्हणतात का? ज्यांचं वजन आहे त्यांना बोलव." म्हणून रविवारी प्रार्थनेनंतर आठही बायका अंगणात हौद्यात बसल्या. सेल्साबाई दात घालून आल्या होत्या. तुझ्या आज्याला म्हणाल्या, "तिबुर्सियो, आम्हाला तोलतोस? गुरं आहोत का?" हा टेप घेऊन मडगार्डपासून चाकाच्या मध्यापर्यंत मोजतोय, पुढं, मागं, पुन्हा पुढं, आणि वर बायका गातायत, मध्येच एक खाली वाकून विचारतेय, "माझे किती इंच?" हा लाजून कानापर्यंत लाल. मला तो हिरव्या गाडीवाला पोरगा दिसला, देवाशप्पथ. शेवटी दीड इंच ठरलं. रिकामी असताना नाक थोडं खालीच राहणार, ते त्याला मान्य.

बसवायला एक अख्खा शनिवार गेला. चाक काढलं, शॉकअपचे वरचे तीन नट, खालचा बोल्ट, सगळं गंजलेलं. शॉकअप बाहेर आला, चकती डोक्यावर बसली, पण आता तो उंच झाला, खाली जागेवर जाईना. खालची दांडी पहारीनं दाबून धरायची आणि दुसऱ्यानं बोल्ट घालायचा. हा पहारीला लोंबकळला, दांडी हलेना. "बाजूला हो," म्हटलं, आणि मी पहारीवर बसले. दांडी मुकाट्यानं खाली गेली. आजा बोल्ट घालताना गाडीखालून म्हणाला, "फेमिया, हे काम पोरीनं एकटीनं कसं केलं असेल गं?" पहारीवर बसून बोलायला जमत नाही, आणि बोलले असते तर बरं बोलले नसते.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. उंची बदलल्यावर चाकांचं अलाइनमेंट करावं लागतं, ते ओनोफ्रेनं करून दिलं. गाडी परत आणताना आजा वाटेत पाद्रीबाबांकडे उतरला. मी गाडीतच होते, काच खाली होती. तो त्यांना म्हणाला, "यंदा संताची गाडी माझी नात हाकणार आहे." पाद्रीबाबांनी रविवारी देवळात तसं जाहीरही करून टाकलं. सगळ्यांदेखत, त्याच देवळात. त्या घराण्यात आजवर एकाही बाईच्या हातात ते चाक दिलेलं नाही. मला तर कधी विचारलंसुद्धा नाही. आणि तुला विचारायचं म्हणशील, तर तेही त्याच्याकडून होत नाहीये. रोज फोनपाशी जातो, खोकतो आणि परत येतो. माफी मागायला त्याला येत नाही, शिकवायचं त्याचं वय गेलं. सण पंधरा मेला आहे. यायचं असेल तर उत्तर लिहू नकोस, नुसती ये. यायचं नसेल तर मात्र लगेच लिही. मी त्याला घरात सांगेन, दार लावून. गाव जमलेलं असताना, हातात किल्ली घेऊन, त्याला रस्त्याकडे बघत उभा ठेवू नकोस.

तुझीच आजी,
फेमिया